मक्तेदारी गेली, जबाबदारी कुणाची?

आम्ही मावळातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या विभागातून एम. ए. होऊन बाहेर पडलेले काही विद्यार्थी पुढे लग्नामुळे किंवा नोकरीनिमित्त परदेशी गेले. त्यांच्यासाठी दरवर्षी आश्विनात चार-दोन दिवाळी अंक निवडायचे, जाड कागदात बांधायचे आणि लोणावळ्याच्या पोस्टात नेऊन द्यायचे, असा विभागाचा जुना पायंडा आहे. २०२५ साली तो मोडला. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी अमेरिकेने २९ ऑगस्टपासून रद्द केली. नवी जकात कुणी आणि कशी गोळा करायची याचा उलगडा होईना, म्हणून भारतीय टपालखात्याने २५ ऑगस्टपासून तिकडचे बहुतेक टपाल स्वीकारणे थांबवले. महिनाअखेरीस पत्रे आणि कागदपत्रेही थांबली. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ तारखेला होते.

मधल्या काळात आम्ही एका खासगी कुरियरकडे चौकशी केली. त्यांचा मार्ग चालू होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मात्र त्यांनी सांगितलेला आकडा सगळ्या अंकांच्या एकत्रित किमतीच्या कितीतरी पट होता. अखेर एका सहकाऱ्याचे मेहुणे न्यू जर्सीला निघाले होते, त्यांच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये अंक गेले.

प्रसंग तसा क्षुल्लक. पण परदेशी टपालाच्या प्रश्नाच्या तिन्ही बाजू त्यात एकत्र सापडतात : एका आदेशासरशी बंद पडणारी सरकारी सेवा, चालू राहणारी पण न परवडणारी खासगी सेवा, आणि या दोन्हींच्या फटीतून वाट काढणारी ओळखीच्या माणसाची बॅग. या प्रश्नावर अर्थतज्ज्ञ आणि कायदेपंडित बोलतात. साहित्याचे शिक्षक सहसा बोलत नाहीत. वास्तविक पत्र, नियतकालिक आणि पुस्तक या तिन्ही गोष्टी आपल्या अभ्यासविषयाच्या मुळाशी आहेत आणि त्या तिन्ही टपालाच्या पायांनी चालत आल्या आहेत. म्हणून हे टिपण.

आधी कायदा. १८९८ च्या टपाल कायद्याच्या चौथ्या कलमाने पत्रे वाहून नेण्याचा अनन्य अधिकार सरकारला दिला होता. पुढच्याच कलमात प्रवासी वा माल वाहणाऱ्या धंदेवाइकांना आणि जहाजांच्या मालकांना पत्रे गोळा करून नेण्याची मनाई होती. मात्र त्याच चौथ्या कलमात एक लोभस अपवादही होता. एखादा मित्र आपल्या प्रवासात, कोणताही मोबदला न घेता पत्र नेऊन देत असेल, तर ती मक्तेदारीची पायमल्ली मानली जात नसे. ‘अमुक निघालाय, त्याच्याबरोबर पाठव’ हा आपल्याकडचा शतकानुशतकांचा रिवाज एका वसाहतकालीन कायद्याने असा जपून ठेवला होता. सहकाऱ्याच्या मेहुण्यांनी जे केले ते जुन्या कायद्यातही बसले असते.

जे बसत नव्हते ते कुरियर. पण त्या कायद्याने ‘पत्र’ म्हणजे काय याची व्याख्याच केली नव्हती. कुरियर कंपन्यांनी पाकिटाला ‘दस्तऐवज’ म्हटले आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत धंदा उभा केला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे : एका संज्ञेची व्याख्या न झाल्यामुळे एक मक्तेदारी आतून पोखरली गेली. २००६ साली ठरावीक वजनापर्यंतची पत्रे टपालखात्यासाठी राखून ठेवण्याचा प्रस्ताव पुढे आला, त्याला विरोध झाला आणि तो मागे पडला. पुढे २०२३ च्या डिसेंबरात संसदेने नवा टपाल कायदा संमत केला. तो १८ जून २०२४ पासून लागू झाला. पत्रे वाहण्याचा अनन्य अधिकार त्यात नाही. टपाल तिकिटे काढण्याचा तेवढा राहिला. देशातले टपाल असो वा परदेशी, खासगी स्पर्धेला दार आता कायद्यानेच उघडे आहे.

याचे आम्हांला दुःख आहे का? नाही. मक्तेदारीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी आम्ही नाही, आणि तसे गायलो तर तो ढोंगीपणा होईल. आमच्या विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत प्रवेश घेताना गुणपत्रकांच्या प्रती ठरावीक मुदतीत पोचवाव्या लागतात. तेव्हा आम्हीच त्यांना कुरियरची वाट दाखवली आहे, कारण पाकीट कोणत्या विमानतळावर आहे हे तिथे कळते आणि मुदत चुकत नाही. खुद्द टपालखात्याने १९८६ साली स्पीड पोस्ट सुरू केले, आणि वेग हीसुद्धा टपालाची एक जबाबदारी आहे हे मान्य केले. २०२५ च्या त्या सात आठवड्यांत जर परदेशी पत्रे नेण्याचा अधिकार प्रत्यक्षातही एकट्या टपालखात्याकडे असता, तर अमेरिकेचे दार पूर्ण बंद झाले असते. एकच वाट असणे हे नेहमीच धोक्याचे असते. घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. एक दरड कोसळली की काय होते, ते आम्ही दर पावसाळ्यात पाहतो.

तेव्हा स्पर्धेबद्दल तक्रार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. मक्तेदारी हा एका सौद्याचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा असा, की त्या अधिकाराच्या बदल्यात टपालखाते कोणाचेही पत्र नाकारणार नव्हते, आणि मुंबईच्या फोर्टातले पाकीट व आंदर मावळातल्या खांडीचे पाकीट एकाच तिकिटावर जाणार होते. नफ्याच्या वाटांनी आडवाटांचा भार उचलायचा, हे त्या सौद्याचे गणित होते. सौद्याचा पहिला अर्धा रद्द झाला, तेव्हा दुसऱ्या अर्ध्याचे काय करायचे हे लिहून ठेवायला हवे होते. नव्या कायद्यात सेवा कोणत्या आणि दर काय हे ठरवण्याचे काम नियमांवर आणि टपाल महासंचालकांवर सोपवले आहे. अधिकार कायद्यातून गेला. कर्तव्य मात्र कायद्यात ठसठशीतपणे आले नाही. आमचे दुःख आहे ते इथे.

परदेशी टपालाच्या बाबतीत हे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण तिथे एकच देश सौदा करत नाही. १८७४ साली बर्न येथे टपालसंघाची स्थापना झाली आणि १८७६ साली भारत त्यात सामील झाला. त्यापूर्वी परदेशी पत्राचे हशील ते कोणत्या मार्गाने, कोणत्या बोटीने जाते यावर ठरत असे. टपालसंघाने सगळ्या सदस्य देशांचा मिळून एकच टपालप्रदेश मानला. पाठवणाऱ्या देशाने हशील घ्यावे, पोचवणाऱ्या देशाने पत्र घरी नेऊन द्यावे, अशी ती परस्पर विश्वासाची व्यवस्था होती. पत्र पोचवण्याबद्दल एका देशाने दुसऱ्याला मोबदला देण्याची पद्धत पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरली. त्या मोबदल्यावरून आज श्रीमंत देशांची भांडणे चालतात. अमेरिकेने तर टपालसंघ सोडण्याचीच नोटीस दिली होती, आणि २०१९ साली जिनिव्हात दर वाढवून घेतल्यावरच ती मागे घेतली. परदेशी टपाल महाग होण्यामागे हेही एक कारण आहे.

या व्यवस्थेने आपल्याला काय दिले? मराठीच्या वर्गात उदाहरण लांब शोधावे लागत नाही. गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीला होते. १८७८ साली कोल्हापुराहून त्यांनी अमेरिकेतल्या वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, अशी त्यात पृच्छा होती. वाइल्डरांनी ते आपल्या मासिकात छापले. १८८० साली न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या तो जुना अंक वाचला आणि आनंदीबाईंना पत्र घातले. त्यातून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र, श्री. ज. जोशी यांची १९६८ ची कादंबरी, पुढचे नाटक आणि चित्रपट हा सगळा विस्तार आपण शिकवतो. पण त्याच्या मुळाशी काय आहे? एक पत्र, एक मासिक आणि पुन्हा एक पत्र. तिन्ही सामान्य टपालाने गेलेली. पगारदार कारकुनाला परवडेल इतके परदेशी हशील नसते, तर गोपाळरावांचा विक्षिप्त आग्रह कोल्हापुरातच विरला असता.

दुसरे उदाहरण आमच्या अंगणातले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. योगक्रियांचे प्रयोगशाळेत केलेले परीक्षण इंग्रजीतून मांडणारे हे त्रैमासिक होते. त्याचा वाचक केवळ पुण्या-मुंबईत बसलेला नव्हता. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन योगाच्या अभ्यासासाठी लोणावळ्यात येऊन राहिले, यावरून या गावाचा लौकिक कुठवर पोचला होता ते दिसते. त्या काळी घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावातून निघालेल्या नियतकालिकाला जगापर्यंत जायला टपालाखेरीज दुसरा मार्ग नव्हता. भोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली होती. मुंबई बंदर घाटाखाली होते आणि तिकिटाचा दर गावाचा आकार पाहत नव्हता. ज्ञानाचे केंद्र शहरातच असले पाहिजे असे नाही, हे लोणावळ्याने दाखवून दिले. ते शक्य झाले त्यात सर्वांना सारख्या असलेल्या टपालदराचा वाटा आहे.

आता आजच्या मावळाकडे पाहू. लोणावळ्याच्या बाजारपेठेत किंवा तळेगावात कुरियरला अडचण नाही. चिक्कीचे खोके दुबईला पाठवायचे असेल तर ते आनंदाने घेतील आणि वेळेत पोचवतील. कारण खोक्याच्या किमतीत वाहतूक निघते. पण पवन मावळात, नाणे मावळात, आंदर मावळात आत आत जावे तसतशी ही सेवा विरळ होते. आमचा अनुभव असा, की परदेशातून मुलाने पाठवलेले पाकीट कुरियरने कामशेतपर्यंत आणले, आणि तिथून ‘येऊन घेऊन जा’ असा फोन गेला. त्यात त्या पोऱ्याचा दोष नाही. एका पाकिटासाठी वीस किलोमीटर दुचाकी नेणे त्याच्या मालकाला परवडत नाही. ग्रामीण डाकसेवक मात्र भर आषाढातही जातो, कारण तिथे जाणे हेच त्याचे काम आहे. देशात सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरे आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. हे जाळे कोणत्याही कंपनीने विणलेले नाही, विणणारही नाही.

जी गोष्ट खांडीच्या घराची, तीच अनियतकालिकाची. परदेशातल्या चाळीस वर्गणीदारांना अंक पाठवणारा संपादक हा व्यापारी दृष्टीने टाकाऊ ग्राहक आहे. त्याचा माल जड, किंमत कमी आणि घाई नाही. त्याला फक्त स्वस्त आणि खात्रीची वाट हवी असते. टपालव्यवस्थेत छापील मजकुराला सवलत देण्याची परंपरा होती ती याच जाणिवेतून. ती जाणीव आता किती पातळ झाली आहे याची खूण देशातल्या टपालातही दिसते. १८ डिसेंबर २०२४ पासून रजिस्टर बुक पोस्ट बंद झाले. तेव्हा लहान प्रकाशक हवालदिल झाले. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आले. ३०० ग्रॅमला २० रुपये आणि ५ किलोला १०० रुपये, असे त्याचे दर ठरले. हे स्वागतार्हच आहे. पण ज्ञान पोस्ट देशाच्या सीमेपाशी थांबते. आणि मुख्य म्हणजे, जी सवलत आदेशाने येते ती आदेशाने जाते. मधल्या साडेचार महिन्यांनी हे शिकवले.

जगात हे प्रयोग होऊन गेले आहेत, तेव्हा त्यांतून शिकायला हरकत नाही. युरोपीय संघाने बाहेरगावी जाणारे परदेशी टपाल २००३ पासून स्पर्धेला खुले केले आणि पुढे सगळी मक्तेदारीच संपवली. पण सार्वत्रिक सेवेचे बंधन कायद्यात ठेवले. कॅनडाचे उदाहरण आमच्या विषयाच्या सर्वांत जवळचे आहे. तिथे परदेशी पत्रे स्वस्तात नेणाऱ्या खासगी कंपन्या वर्षानुवर्षे कायद्याच्या कडेने काम करत होत्या. न्यायालयाने टपालखात्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा संसदेने २०१० साली कायदाच बदलला आणि परदेशी जाणाऱ्या पत्रांवरची मक्तेदारी उठवली. मात्र देशांतर्गत पत्रांचा अनन्य अधिकार टपालखात्याकडे राहिला, आणि ग्रामीण सेवेची हमी देणारी सनद सरकारने २००९ सालीच जाहीर केली होती. उलट डेन्मार्क पाहा. तिथे २०२४ पासून सार्वत्रिक सेवेचे बंधनच काढले गेले, आणि १६२४ साली सुरू झालेल्या सरकारी टपालाने ३० डिसेंबर २०२५ रोजी शेवटचे पत्र पोचवले. पत्रे आता एक खासगी कंपनी नेते. जवळजवळ प्रत्येक घरात संगणक असलेल्या त्या छोट्या, सपाट देशाला हे झेपेलही. सह्याद्रीच्या कुशीतल्या तालुक्याला ते झेपेल असे आम्हांला वाटत नाही.

आणि लांब जायचे कारणच काय? संसदेच्या त्याच हिवाळी अधिवेशनात, २०२३ च्या डिसेंबरात, नवा दूरसंचार कायदाही संमत झाला. दोन्ही कायद्यांवर राष्ट्रपतींची स्वाक्षरी एकाच दिवशी, २४ डिसेंबरला झाली. दूरसंचार क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केल्यानंतर २००२ पासून त्यांच्या महसुलाचा एक हिस्सा ग्रामीण सेवेसाठीच्या निधीत जातो. नव्या कायद्याने तो निधी ‘डिजिटल भारत निधी’ या नावाने पुढे चालवला. म्हणजे वाट खुली करतानाच आडवाटांची तजवीज कशी करायची हे आपल्या राज्यकर्त्यांना ठाऊक आहे. मोबाइलच्या मनोऱ्यासाठी जे सुचले ते पत्रासाठी का सुचू नये?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. परदेशी टपाल खुले असावे. कुणालाही पत्र नेऊ द्यावे. पण त्याबरोबर तीन गोष्टी कायद्यात लिहाव्यात. पहिली, प्रत्येक डाकघरातून जगातल्या कोणत्याही देशात पत्र आणि छापील मजकूर पाठवण्याची सोय हे टपालखात्याचे बंधनकारक कर्तव्य असावे. दुसरी, पुस्तके आणि नियतकालिके यांच्यासाठी परदेशी टपालाचा सवलतीचा दर असावा, आणि तो पुरेशी पूर्वसूचना दिल्याखेरीज बदलता किंवा बंद करता येऊ नये. तिसरी, परदेशी टपालाचा फायदेशीर भाग उचलणाऱ्या कंपन्यांनी दूरसंचाराच्या धर्तीवर ग्रामीण टपालसेवेच्या निधीत आपला वाटा द्यावा. यांपैकी एकही मागणी मक्तेदारी परत आणत नाही.

यावरचे आक्षेप आम्ही स्टाफरूममध्ये ऐकले आहेत. पहिला असा, की आता पत्रे लिहितो कोण? दिवाळी अंक तर पीडीएफमध्ये मिळतात. हे खरे आहे, आणि आम्हीही विद्यार्थ्यांना फाइली पाठवतो. पण सगळेच दिवाळी अंक तसे मिळत नाहीत, आणि जे लहान, जिल्ह्याच्या गावातून निघणारे, ज्यांत उद्याचे लेखक पहिल्यांदा छापून येतात, तेच बहुधा मिळत नाहीत. शिवाय आपण ज्याला साहित्याचा इतिहास म्हणतो तो कागदांवर उभा आहे. जी. ए. कुलकर्णींची पत्रे पुस्तकरूपाने वाचताना आपण ज्या माणसाला भेटतो, तो माणूस त्या पत्रांवाचून आपल्याला दिसलाच नसता. परदेशात गेलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन पिढ्यांचा पत्रव्यवहार आज कुठल्या कुठल्या माळ्यांवर पडला आहे. तो कुणी तरी अभ्यासेल. आजच्या पिढीचा तसा अभ्यास करायला काय उरेल, हा प्रश्न भावुकतेचा नाही, संशोधनसामग्रीचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टपालखाते तोट्यात आहे. पुस्तकवेड्यांच्या हौसेसाठी करदात्याने पैसे का मोजावेत? यावर आमचे उत्तर असे, की सार्वजनिक ग्रंथालयालाही नफा होत नाही. तरी महाराष्ट्राने १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा केला, कारण वाचणे ही केवळ खासगी हौस नाही असे तेव्हाच्या समाजाने मानले. छापलेला शब्द वाचकापर्यंत जाणे हे त्याच मान्यतेचे दुसरे टोक आहे. वाचक समुद्रापलीकडे गेला म्हणून तो मराठीचा वाचक राहत नाही, असे आपण मानतो का?

तिसरा आक्षेप आमचा आमच्यावरच आहे. टपालाची ही अवस्था होईपर्यंत आपण शिक्षक काय करत होतो? परीक्षेला पत्रलेखनाचा प्रश्न ठेवला, ‘माननीय महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ घोकून घेतले. पण आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांनी प्रत्यक्ष तिकीट लावून पत्र पेटीत टाकले असेल? परदेशी पत्त्यावर तर विचारूच नये. जी वाट कुणी चालत नाही तिच्यावर गवत उगवते, आणि मग ती वाट नव्हतीच असे म्हणणे सोपे जाते. म्हणून येत्या सत्रात आम्ही एक लहानसे काम ठरवले आहे. एम. ए. च्या प्रत्येक विद्यार्थ्याने परदेशी असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला हाताने पत्र लिहायचे, ते लोणावळ्याच्या पोस्टात स्वतः नेऊन द्यायचे, आणि किती हशील पडले, किती दिवसांनी पोचले, उत्तर आले का, याची वहीत नोंद ठेवायची. वर्षअखेर ती वही आम्ही टपालखात्याकडे आणि आमच्या खासदारांकडे पाठवू.

अर्थात, टपालानेच.